झाकणावरचा वाकडा किरण

त्याने बाटली उचलली, पण वास घेतला नाही. झाकण काढलं, उजेडाकडे धरलं, खिशातून सोनाराकडे असतं तसलं छोटं भिंग काढलं… आणि एक डोळा मिटून त्या झाकणाकडे बघत राहिला.

काउंटरमागे उभी असलेली तेजस्विनी पाळदे त्याच्याकडे बघत राहिली.

"काय दाखवू, सर?"

तो दचकला. भिंग मुठीत लपलं. "नाय… म्हणजे, काही नाही. सेंट बघत होतो."

"सेंट बाटलीत असतं," ती म्हणाली. "झाकणात नसतं."

त्याचे कान आधी लाल झाले, मग चेहरा. पंचविशी ओलांडलेला, उंच, इस्त्रीचा पण जुना शर्ट. नखांच्या कडेला काळी, बारीक रेघ होती, कितीही साबण लावला तरी न जाणारी. आणि त्या सगळ्या महागड्या सुवासांच्या मधून त्याचा एक वेगळाच वास आला – मशीनच्या तेलाचा.

"बहिणीसाठी घ्यायचंय," तो पुटपुटला. "पुढच्या गुरुवारी येतो."

काहीच न घेता तो गेला. तेजस्विनीला ते मुळीच आवडलं नाही.

२००४ सालचा डिसेंबर होता तो. कॉलेज रोडवरच्या त्या काचेच्या दुकानात ती वर्षभर काम करत होती, आणि दिवाळीपासून तिच्याकडे 'बेलमार १९३०'चं काउंटर दिलं होतं. मुंबईच्या एका कंपनीचे हे नवे परफ्यूम. नाशकात फक्त याच दुकानात मिळत. बाटलीच्या खांद्यांना पायऱ्या, अंगावर उभ्या सरळ रेषा, आणि डोक्यावर अर्धगोल सोनेरी झाकण – त्यावर उगवत्या सूर्याचे सतरा किरण. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सिनेमा थिएटरं, आगबोटी आणि श्रीमंतांचे बंगले ज्या धाटणीने बांधले जात, ती ही धाटणी. माहितीपत्रकात तिला 'आर्ट डेको' म्हटलं होतं. वासांची नावंही तशीच – 'बॉलरूम', 'मॅटिनी', 'ओशन लायनर'. ओझर-पिंपळगावचे द्राक्षबागायतदार बायकोच्या वाढदिवसाला येत, चार हजार किंमत ऐकून आधी हसत, आणि मग दोन घेऊन जात.

माहितीपत्रक तिला पाठ होतं. पण त्याहून जास्त पाठ होतं कंपनीचं ते पत्र. नाशिकमध्ये आपल्या मालाची नक्कल आल्याचा संशय आहे. ज्या काउंटरवर नकली माल सापडेल, तिथल्या मुलीला त्याच दिवशी कामावरून काढण्यात येईल.

वडील गेल्यापासून घरी ती आणि आई. आई, यशोदाबाई, देवळाली कॅम्पमधल्या एका पारशी मालकांच्या बंगल्याची राखण करायची, आणि दोघी तिथल्याच मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. म्हातारे मालक मुंबईला असत. त्यांच्या मुलांनी बंगला विकायचा ठरवला, तर डोक्यावरचं छप्परही जाणार होतं. तेव्हा हे काउंटर गेलं तर… या वाक्याच्या पुढे ती कधी जायचीच नाही.

म्हणून ती सगळ्यांवर संशय घ्यायची. आणि या भिंगवाल्यावर तर घ्यायलाच हवा होता.

पुढच्या गुरुवारी तो खरंच आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

"आला बघ तुझा गुरुवारचा उपास," शेजारच्या लिपस्टिकच्या काउंटरवरून सविता कुजबुजली. "तेजू, अगं, जरा हस तरी त्याच्याकडे बघून."

"हसू कशाला? माल बघायला येतो तो. नकली बाटल्या करणाऱ्यांचा माणूस असणार."

"नकली करणारा इतका लाजतो होय?"

"लाजत नाही. घाबरतो."

सविताने डोळे फिरवले. "बरं बाई. पण त्याला घाबरवायला तू दर गुरुवारी कानात नवे डूल घालून का येतेस, तेवढं सांग."

 तेजस्विनीने वास बघायची एक कागदी पट्टी घेतली, मागच्या बाजूला जाऊन ती प्यायच्या पाण्यात बुडवली, आणि अगदी कंपनीने शिकवलं होतं तशी, दोन बोटांत धरून त्याच्यापुढे केली.

"हे आमचं सगळ्यात खास. बघा."

त्याने पट्टी नाकाशी नेली. डोळे मिटले. खोल श्वास घेतला.

"छान आहे," तो म्हणाला.

"हो? कसला वास वाटतो?"

तो अडकला. छताकडे बघितलं, बाटल्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "…महागाचा."

तिकडे सविताला ठसका लागला. तेजस्विनीला हसू आवरेना, आणि आपल्याला हसू येतंय याचाच तिला राग आला. पाण्याला महागाचा वास! म्हणजे परफ्यूमशी याचं काहीएक देणंघेणं नव्हतं. मग हा कशासाठी येतो?

"तुमचं नाव काय हो?"

"धनराज. धनराज सांगळे. सिन्नरचा." मग थोडं थांबून, "तुमचं?"

"इथे बॅजवर लिहिलंय."

"ते वाचलं मी पहिल्याच दिवशी," तो म्हणाला. "पण तुम्ही सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं."

तो गेल्यावर बराच वेळ तिने उगीचच काच पुसली. मग सविताकडून गुलाबी नेलपॉलिश मागून घेतलं आणि मांडणीतल्या पंधराही बाटल्यांच्या झाकणांत, आतल्या बाजूला, एकेक बारीक ठिपका दिला. ठिपके देताना तिला पुन्हा वाटलं – ही नक्षी आपण कुठेतरी पाहिलीय. माहितीपत्रकात नव्हे, दुसरीकडेच कुठेतरी. पण कुठे, ते आठवेना.

चौथ्या गुरुवारी तो आला, 'बॉलरूम' आहे का म्हणाला, दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला. तिने भराभर झाकणं उघडून पाहिली. चौदा ठिपके… पंधराव्या झाकणात ठिपकाच नव्हता.

ती स्वेटरही न घालता रस्त्यावर धावली. थंडीचा वारा अंगाला झोंबत होता. तो लाल मोटरसायकलला किल्ली लावत होता.

"खिसा दाखवा."

"मॅडम, ऐका ना –"

"खिसा दाखवा, नाहीतर ओरडते!"

त्याने खिशातून झाकण काढून तिच्या हातावर ठेवलं. आत गुलाबी ठिपका. हँडलला कापडी पिशवी लटकत होती, तिने तीही ओढून उघडली. आत झाकणंच झाकणं. नवीकोरी, सोनेरी, पंधरावीस तरी असतील.

"कुठून आणली ही?"

त्याने पिशवीकडे हात केला; तिने ती मागे ओढली.

"नकली ना?"

"नाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज ठाम होता. "मी चोर नाय, मॅडम. पण काय आहे ते सांगता येत नाय. दुसऱ्या एका माणसाचं पोट आहे त्यात."

"आणि माझं पोट? हे काउंटर माझं आहे. उद्या काही सापडलं तर मला काढतील. तुम्हाला नाही!"

त्याचा चेहरा एकदम उतरला. 

"पुन्हा या दुकानात पाय ठेवू नका," ती म्हणाली आणि ते झाकण मुठीत घट्ट धरून आत आली.

आता दुकानाच्या मालकांना, शेठना, सांगायला हवं होतं. कंपनीला कळवायला हवं होतं. तिने कागदावर दोन ओळी लिहिल्यासुद्धा – आणि संध्याकाळी त्याचे चार तुकडे करून पर्समध्ये टाकले. असं का केलं, ते तिला सविताला सांगता आलं नसतं. कदाचित स्वतःलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना तिची ओढणी बंगल्याच्या गेटला अडकली. रोजच अडकायची. डावीकडचा चौथा गज टोकाला वाकून बाहेर आला होता, आणि तिथे तिच्या कितीतरी ओढण्यांचे धागे निघाले होते. ती सवयीने ओढणी सोडवायला वळली… आणि तशीच थांबली.

गेटवर लोखंडी पट्ट्यांचा अर्धा सूर्य होता. १९३६ साली बंगला बांधला तेव्हापासूनचा. तिने पर्समधून झाकण काढलं आणि गेटपुढे धरलं. एक, दोन, तीन… सतरा किरण. आणि झाकणावरचाही डावीकडचा चौथा किरण टोकाला वाकडा!

 "आई! अगं आई, इकडे ये. हे गेट बघायला कोणी आलं होतं का गं?"

यशोदाबाई हातातला खराटा घेऊनच आल्या. "आलं होतं की एक पोरगं. गेल्या पावसाळ्यात, लाल गाडीवर. गेटाला कागद लावून वरून पेन्सिल घाशीत होतं. मला वाटलं भंगारवाला हाय, गेटाचं माप घेतोय. खराटा घेऊनच गेले अंगावर."

"मग?"

"मग काय, म्हणलं कोण रे तू? तर म्हणतो, मावशी, लय भारी नक्षी हाय ही, आता असं कोणी करत नाय. चहा दिला मग त्याला. कपबशी विसळून ठेवून गेला." त्यांनी लेकीकडे निरखून पाहिलं. "का गं? तू कशाला इतकी लाल झालीस?"

"थंडी आहे," तेजस्विनी म्हणाली.

बसमध्ये मात्र तिला खरोखरच थंडी वाजली. म्हणजे हे झाकण त्यानेच बनवलं होतं. त्यानेच, तिच्या दारात उभं राहून. नकली मालाच्या टोळीतला, असं ती ज्याला म्हणत होती, त्याने तिच्या आईच्या हातचा चहाही प्यायला होता. एकदा वाटलं, कपबशी विसळून ठेवणारा माणूस वाईट नसेल. मग वाटलं, असे लोक गोडच असतात.

पुढचा गुरुवार उजाडला आणि मुंबईहून कंपनीचे दिनेशसाहेब आले. कोट, टाय, हातात ब्रीफकेस. त्यांनी मांडणीतली पंधराही झाकणं काढून काचेवर दोन रांगांत मांडली. एका रांगेत चार, दुसरीत अकरा.

"मिस पाळदे, ही चार बघा. सगळे किरण सरळ. आमच्या ड्रॉइंगप्रमाणे. आणि ही अकरा? एक किरण वाकडा. म्हणजे डुप्लिकेट. सिंपल."

"सर, बाटल्या आल्या तशाच मी मांडल्या आहेत."

"असं? मग खाली खोक्यांतला माल सगळा सरळ कसा? मांडणीवरचाच तेवढा वाकडा? ओरिजिनल कुठे गेला, मॅडम? कोणाला दिलात?"

शेठ जमिनीकडे बघत होते. सविता पुढे आली. "सर, ती तशी नाहीये हो –"

"तुम्ही तुमचं काउंटर सांभाळा."

तेजस्विनीच्या जिभेवर सगळं आलं होतं. भिंग, पिशवी, लाल मोटरसायकल, सिन्नर. एक नाव सांगायचं आणि सुटायचं. पण ही नक्षी कुठून आली असं विचारलं तर? माझ्याच दारावरून! कोण विश्वास ठेवेल? आणि नुसतं तेवढंच नव्हतं. त्याचं नाव घ्यायला तिचे ओठच उघडेनात.

"बॅज काढून ठेवा," दिनेशसाहेब म्हणाले.

तिने बॅजला हात घातला, तेवढ्यात काचेचा दरवाजा ढकलून कोणीतरी आत आलं. मशीनच्या तेलाचा वास आला… आणि ती मान वर करायच्या आधीच तिला कळलं.

"ओ साहेब," धनराज म्हणाला, "त्यांना काय बोलू नका. वाकडी आहेत तीच खरी."

त्याच्या छातीशी गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड होतं. ते त्याने काउंटरवर ठेवलं तशी काच करकरली. गोणपाट सोडलं. आत पोलादी ठोकळा होता आणि ठोकळ्यात कोरलेला अर्धा सूर्य, उलटा आणि खोल.

"ही डाय. झाकण ओतायचा साचा. मी कोरलाय." त्याने अकरातलं एक झाकण उचललं आणि त्या खळग्यात ठेवलं. टक् करून बसलं. वाकडा किरण वाकड्या खाचेत अलगद उतरला. मग त्याने सरळ किरणांचं झाकण ठेवलं. ते बसेना, हलत राहिलं. "खाली तुमच्या ऑर्डरचा नंबर ठोकलाय. बघून घ्या."

दिनेशसाहेबांनी वाकून नंबर वाचला. डायरीतला नंबर वाचला. पुन्हा वाकून पाहिलं. "काल मी तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो, तर तुमचे कारभारीशेठ म्हणाले, आमचा माल सगळा सरळ गेलाय!"

"अण्णा, म्हणजे आमचे कारभारीशेठ, घाबरले होते, साहेब. चूक माझी आहे. तुमच्या ड्रॉइंगचा फॅक्स आला, त्यात सूर्याची डावी बाजू पार काळी झाली होती. तुमची घाई. अण्णा म्हणाले, त्याच काळातलं काहीतरी बघून पुरं कर. देवळाली कॅम्पात एक गेट पाहिलं होतं मी, अगदी तसंच. त्याचा ठसा घेतला. एक किरण वाकडा होता, पण मला वाटलं…" तो थांबला. "इतकं सुंदर काम करणाऱ्याने तो मुद्दामच तसा ठेवला असेल. मग मीही हुबेहूब कोरला. पहिली खेप गेल्यावर चूक कळली. दुसरी डाय सरळ केली, पण तुम्हाला कोणी सांगितलं नाही."

 मग दिनेशसाहेब मोबाईल घेऊन बाहेर गेले आणि अर्धा तास फुटपाथवर हातवारे करत मुंबईशी बोलत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी अकरा बाटल्या आणि तो ठोकळा गाडीत ठेवायला सांगितलं. "सॉरी, मिस पाळदे," ते म्हणाले. पण बघत मात्र होते बाटल्यांकडे.

बॅज अजून तिच्या हातातच होता.

ती बाहेर आली तेव्हा धनराज पायऱ्यांवर बसला होता. हातात रिकामं गोणपाट.

"तुमच्या अण्णांना माहीत आहे, तुम्ही इथे आलात ते?"

"काल रात्री सांगितलं. साहेब इथली झाकणं बघणार हे कळल्यावर. आधी शिव्या दिल्या. मग डाय स्वतःच काढून दिली, म्हणाले, जा, पण पुन्हा इकडे तोंड दाखवू नको." तो ओशाळून हसला. "आठ वर्षं होतो तिथं. चार दिवसांनी राग उतरेल. नाय उतरला तर अंबडच्या कारखान्यांत बघू कुठेतरी."

ती एक पायरी सोडून बसली.

"ते गेट आमचं आहे."

"काय?"

"म्हणजे मालकांचं. पण राहतो आम्ही. तुम्हाला चहा दिला ती माझी आई."

"खराटावाल्या मावशी?" त्याचे डोळे मोठे झाले.

"आणि तो किरण कोण्या कलाकाराने ठेवला नाही मुद्दाम. मी नऊ वर्षांची असताना त्यावर उभी राहून झोके घेत होते. वाकला. आईने त्याच खराट्याने मारलं होतं मला."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आणि मी तीन रात्री बसून भिंगातून कोरला हो तो… म्हटलं, काय हात असेल त्या माणसाचा!"

तीही हसली. पण सवय अशी सहजी जात नाही. हसता हसता तिला काहीतरी टोचलं.

"एक मिनिट. तुम्ही माझी झाकणं गुपचूप बदलत होतात, कोणाला कळायच्या आत. हो ना?"

"हो."

"त्या दिवशी पिशवीत पंधरावीस झाकणं होती तुमच्याकडे."

"हो…"

"मग दर गुरुवारी एकच का बदलत होतात?"

धनराजने गोणपाटाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. त्याचे कान पहिल्या दिवशीसारखे लाल व्हायला लागले.

"पहिल्या गुरुवारी सगळी बदलूनच जाणार होतो," तो हळूच म्हणाला. "मग तुम्ही म्हणालात, सेंट झाकणात नसतं… म्हटलं, एकदम सगळी बदलली, तर पुन्हा कशाला यायचं? पंधरा होती. पंधरा गुरुवार पुरली असती."

 रस्त्यावरून एक बस गेली, मग एक रिक्षा.

"त्यापायी माझी नोकरी जाणार होती," ती म्हणाली. आवाज रागाचा करायचा होता, तसा झाला नाही.

"म्हणूनच आलो. नाहीतर तुम्ही पाय ठेवू नका म्हणाला होतात."

"आणि ती पट्टी? नुसतं पाणी होतं त्यावर."

"काय सांगता! तेलात राहून नाकाला काही कळतच नाय माझ्या. पण तुम्ही दिली, म्हणजे छानच असणार." त्याने मान खाली घातली. "आता झाकणंही गेली सगळी. यायला काही कारण उरलं नाही."

तेजस्विनीने पर्समधून गुलाबी ठिपक्याचं झाकण काढून त्याला दाखवलं. "हे बारावं कंपनीला ठाऊक नाही. माझ्याकडेच राहील." मग ते परत ठेवता ठेवता, त्याच्याकडे न बघता, "गेटाचा तो किरण सरळ करायचाय. माझ्या ओढण्या फाटतात रोज."

"मी येतो ना! गुरुवारी येऊ?"

"या. पण एका दिवसाचं काम आहे ते."

"नाय हो," धनराज एकदम गंभीर झाला, कारागीर होतो तसा. "सतरा किरण आहेत."

"वाकडा एकच आहे."

"बाकीचे तपासावे लागतील ना," तो म्हणाला. "एका गुरुवारी एक."